कसणाऱ्याचे नाव कोणत्या रकान्यात?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. जमीन भाडेपट्ट्याच्या कायद्यात बदल करावा अशी चर्चा अधूनमधून आपल्या दैनिकात वाचायला मिळते. तिच्यात वुल्फ लादेजिन्स्की हे नाव कधी येत नाही, याचे महसूल खात्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला नवल वाटते. या कृषी अर्थतज्ज्ञाच्या निधनाला पन्नास वर्षे होऊन गेली. १८९९ साली युक्रेनमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ क्रांतीनंतर देश सोडून अमेरिकेत आले, कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९३५ मध्ये तेथील कृषी खात्यात रुजू झाले. महायुद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त सैन्याचे प्रमुख जनरल मॅकआर्थर यांच्या कार्यालयातून त्यांनी जपानच्या भूसुधारणेची आखणी करण्यात मोठा वाटा उचलला.

जपानमध्ये सुमारे ४६ टक्के शेतजमीन कुळांकडे होती आणि खंड बहुधा निम्म्या पिकाचा असे. १९४६ च्या कायद्यानंतर अवघ्या चार-पाच वर्षांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले. याचे कारण कायद्याच्या कलमांपेक्षा गावच्या भूसमितीच्या रचनेत मला अधिक दिसते. दहा सदस्यांच्या त्या निवडून आलेल्या समितीत पाच कुळे, तीन जमीनमालक आणि दोन स्वतःची जमीन कसणारे शेतकरी असत. कोणती जमीन कोण कसतो हे ज्यांना तोंडपाठ होते, त्यांच्याच हाती नोंदीचे काम होते.

पुढे तैवानमध्येही त्यांचा सल्ला घेतला गेला. तेथे १९४९ मध्ये खंडाची मर्यादा साडेसदतीस टक्क्यांवर आली आणि १९५३ मध्ये कसणाऱ्यांना जमिनी मिळाल्या. इतके करूनही १९५४ च्या अखेरीस अमेरिकेच्या कृषिमंत्र्यांनी त्यांना सुरक्षेच्या दृष्टीने संशयास्पद ठरवून खात्याबाहेर काढले. त्यानंतर ते दक्षिण व्हिएतनाममध्ये गेले. तेथे मालकाला शंभर हेक्टर जमीन राखण्याची मुभा होती. म्हणजे जवळपास अडीचशे एकर. एवढी मर्यादा ठेवल्यावर वाटायला किती जमीन उरते, हे आपला कोणताही तलाठी सांगेल.

भारतात ते प्रथम १९५२ मध्ये नियोजन आयोगाच्या निमंत्रणावरून आले. साठच्या दशकात लुधियाना, तंजावर, अलीगढ यांसारख्या सधन शेती कार्यक्रमाच्या जिल्ह्यांत फिरून त्यांनी जे लिहिले, त्याचा मथितार्थ असा की वहिवाट तोंडी असते, तिची नोंद नसते आणि ज्याची नोंद नाही त्याला कायदा वाचवू शकत नाही. आपल्या १९७२ च्या दुष्काळातही उतारवयात ते महाराष्ट्रात फिरले आणि त्यावर त्यांनी लेख लिहिला. आपल्याकडचे अभ्यासक दांडेकर आणि खुदनपूर यांच्या १९५७ च्या अहवालातही १९४८ च्या मुंबई कुळकायद्याविषयी हेच चित्र दिसते. कायदा लागू असताना कुळे ‘स्वखुशीने’ जमिनी सोडत होती.

ती स्वखुशी मी डोळ्यांनी पाहिली आहे. नोकरीत असताना करवीर तालुक्यातील आमच्याच गावचे जुने फेरफार चाळताना १९५२ सालच्या चार नोंदी सलग लागल्या. एकच हस्ताक्षर, एकच तारीख, आणि ‘माझेच्याने जमीन होत नाही, सबब राजीखुशीने मालकास सोडून दिली आहे’ हा मजकूरही शब्दाला शब्द तोच. फक्त सर्व्हे नंबर आणि कुळाचे नाव बदललेले. तिसऱ्या नोंदीखाली माझ्या आजोबांचा अंगठा होता. ज्यांच्याच्याने ‘जमीन होत नव्हती’, ते आजोबा पुढे अठरा वर्षे तीच जमीन वाट्याने करत होते.

आज आपल्या जिल्ह्यात काय आहे? पंचगंगेकाठी आणि शिरोळ भागात कितीतरी ऊस वाट्याने किंवा खंडाने केला जातो, पण ‘कुळ लागेल’, म्हणजे कसणारा कायद्याने जमिनीवर कुळाचा हक्क सांगेल, या धास्तीने मालक चिठ्ठीसुद्धा लिहून देत नाही आणि दोन-तीन वर्षांत माणूस बदलतो. सेवा सोसायटीचे पीककर्ज खातेदाराला आणि ई-पीक पाहणीही खातेदाराच्याच नावावर. जुन्या गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या नोंदीच्या भागात, ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा रकाना तरी होता. तो बहुधा मालकाच्याच नावाने भरला जाई, ही गोष्ट वेगळी.

मालकाची धास्ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. गिरणीत उमेदवारी करून वीस गुंठे राखलेला माणूस किंवा शेत वाट्याने लावून मुले शिकवणारी विधवा यांना जमीनदार म्हणणे अन्यायाचे होईल. जपानमध्ये गावाबाहेरच्या मालकाची सगळी जमीन गेली. तसे येथे व्हावे असे मला वाटत नाही. मागणी एवढीच आहे की मालकी हक्काला हात न लावता कसणाऱ्याची हंगामापुरती नोंद कायद्याने व्हावी, ती कर्जाला आणि भरपाईला ग्राह्य धरली जावी, आणि ती करणाऱ्या गावसमितीत निम्मे सदस्य वाटेकरी असावेत.

२०१९ च्या महापुरात आमच्या शेजारच्या एका वाटेकऱ्याचा दीड एकर ऊस आठवडाभर पाण्याखाली राहून कुजला. भरपाई पुण्यात राहणाऱ्या मालकाच्या खात्यावर जमा झाली. मालक भला माणूस, त्याने निम्मी रक्कम आणून दिली. पलीकडच्या बांधावरच्या वाटेकऱ्याला मात्र मालकाने पुढच्या हंगामात दुसरा माणूस बघितल्याचे सांगितले, आणि त्याला दाद मागायला कागद नव्हता.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मंडल अधिकारी,
कोल्हापूर