बीव्हरांचे बांध आणि त्यामागची संस्था

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२५च्या सुरुवातीला चेक प्रजासत्ताकातील एक बातमी जगभरच्या वृत्तपत्रांतून फिरली आणि मराठी वाचकांपर्यंतही पोहोचली. ब्रडी नावाच्या डोंगराळ, जंगलाने व्यापलेल्या प्रदेशात छोटे बांध घालण्याची सरकारी योजना २०१८ साली तयार झाली होती, परंतु जागेच्या वाटाघाटींमुळे ती वर्षानुवर्षे रखडली. दरम्यान आठ बीव्हरांच्या (झाडे कुरतडून पाडणाऱ्या आणि ओढ्यांवर फांद्या-मातीचे बांध घालणाऱ्या, पाण्याकाठी राहणाऱ्या प्राण्यांच्या) एका वसाहतीने तेथे स्वतःहून बांध घातले आणि सुमारे ३ कोटी चेक क्राउनचा खर्च वाचला. बातमी मनोरंजक होती यात शंका नाही. पण बहुतेक ठिकाणी तिचा सूर एकच होता, तो म्हणजे सरकारी माणसांना सात वर्षांत जे जमले नाही ते प्राण्यांनी चुटकीसरशी करून दाखवले. हा निष्कर्ष अपुरा आहे आणि ज्या संस्थेचे काम समजून घेण्यासारखे आहे तिच्यावर अन्याय करणारा आहे, असे मला वाटते.

ती योजना चेक प्रजासत्ताकाच्या निसर्ग व भूदृश्य संरक्षण संस्थेची होती. पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही राष्ट्रीय संस्था १९९२च्या ११४ क्रमांकाच्या कायद्यानुसार काम करते. हा कायदा केवळ वन्यजीवांचा नाही. निसर्ग आणि भूदृश्य (म्हणजे डोंगर, पाणी, शेते, गावे यांसह प्रदेशाचे एकूण रूप) या दोहोंना त्याने एकत्र संरक्षण दिले आहे. राष्ट्रीय उद्यानांचा कारभार त्यांची स्वतंत्र प्रशासने पाहतात, तर देशातील बहुतेक संरक्षित भूदृश्य क्षेत्रे या संस्थेकडे आहेत. यांतील पहिले क्षेत्र, चेस्की राय, १९५५ साली घोषित झाले. ब्रडी मात्र त्यांतले अगदी अलीकडचे. २०१५ अखेरपर्यंत तो लष्करी सरावाचा प्रदेश होता आणि १ जानेवारी २०१६ पासून त्याला संरक्षण मिळाले. सामान्य नागरिकांना अनेक दशके तेथे मज्जाव असल्यामुळे जंगल आणि पाणथळ जागा शाबूत राहिल्या खऱ्या, पण लष्कराने पाण्याचा निचरा व्हावा म्हणून खोदलेले चरही मागे राहिले. चरांमुळे दलदल आटते आणि पाऊस जमिनीत मुरण्याऐवजी थेट ओढ्याला मिळतो. त्यात भर म्हणजे जवळच्या दोन तळ्यांतून गाळ आणि आम्लधर्मी पाणी क्लाबावा नदीत उतरत होते आणि त्या नदीत स्टोन क्रेफिश हा अत्यंत संकटग्रस्त गोड्या पाण्यातील कवचधारी जीव राहतो. पाणी वरच अडवून पाणथळ जागा पुन्हा उभी करावी, हा त्या योजनेचा हेतू होता.

बीव्हरांचे बांध तेथे उपयोगी ठरले हे ओळखण्यासाठी त्या जागेला काय हवे आहे हे कुणाला तरी आधीच ठाऊक असावे लागते. उतार कसा आहे, चर कुठून कुठे जातात, नदीत कोण तग धरून आहे, याची नोंद ज्यांच्याकडे होती त्यांनीच ते बांध पाहून आपल्या योजनेची आता गरज उरली नाही असे ठरवले आणि प्राण्यांना त्यांचे काम करू दिले. योग्य वेळी हात आखडता घेणे हासुद्धा संरक्षणाच्या कामाचाच भाग आहे, आणि तो माहितीशिवाय साधत नाही.

हाच बीव्हर त्याच देशात दुसऱ्या ठिकाणी नकोसा ठरतो, हे त्या बातम्यांत कुठे आले नाही. दक्षिण बोहेमियातील त्रेबोनच्या परिसरात मासे वाढवण्यासाठी बांधलेली मोठमोठी तळी आहेत आणि त्यांतली अनेक सोळाव्या शतकातील आहेत. त्यांचे बांध मातीचे आहेत. बीव्हर काठाच्या मातीत बिळे खणतो, आणि असा बांध आतून पोखरला गेला तर खालच्या गावांना धोका निर्माण होतो. म्हणून बीव्हरविषयीच्या राष्ट्रीय आराखड्यात देशाचे विभाग पाडले आहेत. काही भागांत त्याला पूर्ण संरक्षण आहे, काही भागांत नुकसान आटोक्यात ठेवून त्याला राहू दिले जाते, आणि तळ्यांच्या प्रदेशात त्याला वस्ती करू दिली जात नाही. शेतकऱ्याचे पीक किंवा झाडे बीव्हरमुळे गेली तर भरपाई देण्यासाठी २००० सालापासून वेगळा कायदा आहे. प्राणी एकच असला तरी निर्णय जागेनुसार बदलतो. ‘प्राणी वाचवा’ एवढ्या एका घोषणेवर असे निर्णय घेता येत नाहीत, त्यासाठी प्रदेशाप्रदेशाची ओळख असलेली माणसे कायमची नेमलेली असावी लागतात.

याहून बोलके उदाहरण देशाच्या पूर्व सीमेवरील श्वेत कार्पेथियन डोंगरांतील कुरणांचे आहे. मधूनमधून एकटे उभे असलेले ओक आणि त्यांच्याभोवती पसरलेले गवत, असे ते भूदृश्य. तेथे १६ चौरस मीटरांच्या तुकड्यात शंभराहून अधिक जातींच्या वनस्पती मोजल्या गेल्या आहेत. इतक्या लहान जागेत इतकी विविधता जगात फार थोड्या ठिकाणी सापडते. ही संपत्ती माणसाला दूर ठेवून निर्माण झालेली नाही. शतकानुशतके गावकऱ्यांनी उन्हाळ्यात गवत कापले, वाळवले आणि जनावरांसाठी घरी नेले, म्हणून ती टिकली. कापणी थांबली की प्रथम झुडपे येतात, मग जंगल येते आणि प्रकाशावर जगणारी ऑर्किडसारखी फुले हटतात. कापलेले गवत तिथेच कुजू दिले तरी माती सकस होऊन दोन-चार जोमदार गवते बाकीच्या साऱ्यांना दडपून टाकतात. म्हणजे ‘निसर्गाला त्याच्यावर सोडून द्या’ हा सल्ला येथे विनाशाचा ठरला असता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामूहिक शेतीच्या काळात यांतली पुष्कळ कुरणे नांगरली गेली किंवा त्यांत खते ओतली गेली, आणि जी उरली त्यांच्या कापणीसाठी आज सरकारी पैसा द्यावा लागतो.

पण पैसे दिले म्हणजे काम झाले असेही नाही. अनुदानाच्या अटींमुळे मोठमोठी कुरणे यंत्राने, एकाच सुमाराला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापली जाऊ लागली. फुलांना ते मानवले, परंतु त्या कुरणांत राहणाऱ्या एका नारिंगी-पिवळ्या फुलपाखराला, कोलियास मिर्मिडोनला, ते झेपले नाही. त्याच्या अळ्या ज्या लहान झुडपावर वाढतात ते गवताबरोबर कापले गेले आणि प्रौढ फुलपाखरांना मध मिळेल असे एकही फूल आसपास उरेना. एकेकाळी हा प्रदेश त्याचा बालेकिल्ला होता. या शतकाच्या पहिल्याच दशकात ते तेथून नाहीसे झाले, आणि चेक संशोधकांनी २००८ साली अतिकाळजीने प्रजाती कशी मरते याचे उदाहरण म्हणून ही हकीकत प्रसिद्ध केली. कुरणांत न कापलेले पट्टे राखणे, तुकड्या-तुकड्यांनी वेगवेगळ्या वेळी कापणी करणे, काही भाग चराईला देणे, या गोष्टींचे महत्त्व या अनुभवाने अधोरेखित झाले. मला ही घटना बीव्हरांच्या बातमीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाची वाटते. संरक्षणाचे काम एकदा नियम लिहून संपत नाही, नियमाचा जमिनीवर काय परिणाम होतो हे दरवर्षी जाऊन पाहावे लागते, आणि हे पाहण्याचे काम कोणत्याही मथळ्यात येत नाही.

संरक्षित भूदृश्य क्षेत्रे निर्मनुष्य नसतात, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे. त्यांत गावे आहेत, शाळा आहेत, शेते आणि कारखाने आहेत. क्षेत्राचे विभाग पाडलेले असतात आणि पहिल्या विभागात बंधने सर्वांत कडक असतात. घर कुठे आणि कसे उभे राहणार, उघड्या टेकडीवर काय बांधले जाणार, यांवर संस्थेचे मत घ्यावे लागते, कारण प्रदेशाचे नैसर्गिक, सांस्कृतिक आणि ऐतिहासिक स्वरूप जपण्याची तरतूद कायद्यातच आहे. साहजिकच अशा ठिकाणी संस्थेशी मतभेद होतात. स्वतःच्या जमिनीवर छप्पर कसे घालावे हे दुसऱ्याने सांगितलेले कुणालाच आवडत नाही, आणि ही नाराजी मी क्षुल्लक मानत नाही. पण प्रत्येक घरमालकाची सोय पाहून जे परवाने दिले जातात त्यांची बेरीज काही दशकांनी डोंगरउतारावर दिसते, आणि तेव्हा ती वजा करता येत नाही.

आता सात वर्षांच्या विलंबाविषयी. तो समर्थनीय आहे असे मी म्हणणार नाही. मात्र बातमीत जो दोष सरसकट ‘बाबूगिरी’वर टाकला गेला त्याचे नेमके स्वरूप पाहिले पाहिजे. बांधकामाची परवानगी मिळालेली होती, पण जमीन संस्थेच्या ताब्यात नव्हती आणि लष्कराने दीर्घकाळ वापरलेल्या त्या जागेसंबंधीच्या वाटाघाटी मिटत नव्हत्या. निसर्गरक्षणाची जबाबदारी एका यंत्रणेकडे आणि जमीन दुसऱ्याच्या हाती, ही स्थिती असताना योजना कितीही अचूक असली तरी ती फायलीतच राहते. नुसती परवानगी पुरत नाही. जमिनीच्या वापराचा करार ठरलेल्या मुदतीत करण्याचे बंधनही लागते. तसे बंधन नसेल तर पुढच्या वेळी, जिथे बीव्हर येणार नाहीत अशा ठिकाणी, नदीतला क्रेफिश वाटाघाटी संपेपर्यंत तग धरेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की अशा संस्थांच्या कामाला केवळ ‘विश्वातील विचित्र’ सदरात जागा न देता, एखाद्या संरक्षित क्षेत्रात वर्षभर प्रत्यक्ष काय केले जाते, कोणते निर्णय चुकतात आणि ते कसे बदलले जातात, यांवर सविस्तर लेख प्रसिद्ध करावेत.

आपला,
एक नियमित वाचक