तुरटीचा गाळ फ्लोराइड धरतो, पण कोणत्या पाण्यात?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी टाकल्यावर क्लॅरिफायरच्या, म्हणजे पाणी निवळवण्याच्या टाकीच्या, तळाशी बसणारा गाळ म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असते आणि फ्लोराइड नेमके त्यालाच चिकटते. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेची पाण्यातले फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धतही याच गुणावर चालते. फक्त तिला ताजी तुरटी लागते. त्यामुळे हा गाळ यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या फ्लोराइडग्रस्त गावांत पिण्याच्या पाण्यातले फ्लोराइड काढायला वापरावा, ही कल्पना रास्त आहे.

करणे अवघड नाही. उघड्या वाफ्यात पसरून भेगा पडेपर्यंत गाळ वाळवायचा, मग १०५ अंश सेल्सिअसला पुरता सुकवायचा. एकदा असा सुकला की भिजवूनही तो परत लिबलिबीत होत नाही. कुटून १ ते २ मिमीचे दाणे चाळून घ्यायचे, नितळ पाणी येईपर्यंत धुवायचे आणि घरगुती फिल्टरमध्ये भरायचे. भुकटी राहिली तर फिल्टर तुंबलाच म्हणून समजा.

घोडे अडते ते पाण्यापाशी. प्रयोगशाळेतले आकडे बहुधा डिस्टिल्ड पाण्यात फ्लोराइड मिसळून, सामू (pH) ६ च्या आसपास ठेवून काढलेले असतात. फ्लोराइडवाल्या बोअरचे पाणी बहुतेकदा अल्कधर्मी, सामू ८ च्या घरातले. तिथे फ्लोराइडला ओढणारा दाण्यांवरचा धनभार घटतो आणि पाण्यातलेच बायकार्बोनेट फ्लोराइडची जागा अडवून बसते. आम्ल घालून सामू फार उतरवला, तर ॲल्युमिनियमच विरघळून पाण्यात येते. त्याची भारतीय मानकातील स्वीकारार्ह मर्यादा लिटरला फक्त ०.०३ मिलिग्रॅम आहे.

साधा हिशेब करू. लिटरला ३ मिलिग्रॅमवरून १ वर आणायचे, तर २० लिटरमागे ४० मिलिग्रॅम फ्लोराइड काढावे लागेल. एक ग्रॅम दाण्याने अर्धा मिलिग्रॅम धरला असे मानले, तरी एका घराला रोज ८० ग्रॅम, महिन्याला जवळजवळ अडीच किलो दाणे लागतील. पुरवणार कोण आणि बदलणार कोण?

शिवाय नदीच्या पाण्यातले मँगनीज, शेवाळ, जिवाणू सगळे याच गाळात साचलेले असते. फिल्टर आठवडाभर भरून बंद राहिला, तर आतला प्राणवायू संपून मँगनीज सुटते. म्हणून दाणे त्याच गावच्या बोअरच्या पाण्यावर तपासावेत आणि फ्लोराइडबरोबर ॲल्युमिनियम, मँगनीजही मोजावे. क्लोरिन फिल्टरनंतरच द्यावे.

वापरलेले दाणे शेतात किंवा विहिरीकाठी टाकू नयेत. सामू चढला की धरलेले फ्लोराइड ते पुन्हा सोडतात.

आपला,
एक जलरसायनतज्ज्ञ, नागपूर