सूचना: शनिवारची बैठक, विषय न्या. दलवीर भंडारी

सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी सायंकाळी साडेपाचला वकील संघाच्या वाचनालयात जमायचं आहे. विषय, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातले न्यायमूर्ती दलवीर भंडारी. मूळचे जोधपूरचे. २००४-०५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, म्हणजे आपलं औरंगाबाद खंडपीठही त्यांच्याच अखत्यारीत. पुढे सर्वोच्च न्यायालय, २०१२ पासून हेग.

२०१७ ची फेरनिवड मात्र वाचूनच या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भंडारींना बहुमत, सुरक्षा परिषदेत ब्रिटनचे उमेदवार ग्रीनवुड यांना; निवडीला दोन्हीकडे बहुमत लागतं. मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या आणि शेवटी ब्रिटननेच माघार घेतली. गोदामात सडणारं धान्य गरिबांना फुकट वाटा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा आदेश भंडारींच्याच पीठाचा. यावर आपल्या शेतकरी सभासदांनी बोलावंच. कुलभूषण जाधव खटला पुढच्या बैठकीत.

पाण्याची बाटली घरूनच आणा, टँकरचा भरवसा नाही. वर्गणी राहिलेल्यांनी तीही आणावी.