संपाबद्दल बाबांनी विचारले म्हणून

रामबाग, इंदूर
13 ऑगस्ट 2023

तीर्थरूप आई व बाबा यांस,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले, ‘आजाऱ्याला टाकून धरण्यावर बसवले तरी कसे गं तुला?’ मी तेव्हा नाइटला निघाले होते, आणि अशा प्रश्नाचे उत्तर स्कूटरला डब्याची पिशवी अडकवताना देता येत नाही, म्हणून आज सुटी मिळाल्यावर सविस्तर लिहिते आहे.

बाबा, तुम्ही याच आरोग्य खात्यात कंपाउंडर म्हणून चौतीस वर्षे काढलीत. नेमणुकीबरोबर तुम्हाला वेतनमान मिळाले, सर्व्हिस बुक उघडले गेले, आणि आजही पेन्शन बिनबोभाट जमा होते. मी मात्र राष्ट्रीय आरोग्य मिशनची संविदा, म्हणजे कंत्राटी, नर्स. हे मिशन 12 एप्रिल 2005 ला खेड्यांसाठी सुरू झाले, 2013 मध्ये त्यात शहरे आली, आणि त्याच्या खर्चाचा 60 टक्के वाटा दिल्ली उचलते, 40 टक्के भोपाळ. मंजुरी असते ती योजनेच्या आराखड्याला, त्यामुळे त्यावर काम करणाऱ्या माणसाची मुदतही 31 मार्चला संपते. राज्याने नियमित पद भरले तर पगार, ग्रॅच्युइटी सगळे त्याच्या एकट्याच्या माथी येते. संविदेवर तेच काम 40 टक्क्यांत होऊन जाते. पदे रिकामी राहतात ती कोणाच्या तरी आळसामुळे, असे मला पूर्वी वाटायचे. आता त्यामागे चोख हिशोब दिसतो.

आई, तू विचारतेस की रात्रभर एवढे काय काम असते. आमच्या नवजात कक्षात सोळा वॉर्मर, म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या खाटा, आहेत आणि रात्री आम्ही दोघी. अशा कक्षात एका नर्सकडे तीन ते चार बाळे असावीत असा केंद्राचा निकष आहे. माझ्याकडे आठ असतात. दर दोन तासांनी प्रत्येक बाळाला नळीने दूध द्यायचे, त्याआधी नळी जागेवर आहे ना हे पाहायचे, लंगोट वजन करून बदलायचा, नोंद करायची. हात कितीही चालला तरी एका बाळाला दहा मिनिटे लागतात, म्हणजे दोन तासांतली ऐंशी मिनिटे एवढ्यातच गेली. उरलेल्या चाळीस मिनिटांत इंजेक्शने, सलाइन, बाहेर बसलेल्या आयांचे प्रश्न आणि नवे भरती होणारे बाळ. पोटावर चिकटवलेला तापमानाचा प्रोब सुटला की वॉर्मर ओरडू लागतो. एका रात्री पाच नंबरचा वॉर्मर सात मिनिटे ओरडत होता, कारण माझे दोन्ही हात अकरा नंबरच्या बाळाच्या ऑक्सिजनमध्ये अडकले होते. त्या सात मिनिटांबद्दल मला आजवर कोणी जाब विचारलेला नाही.

आता संप. 15 डिसेंबर 2022 ला राज्यभरचे संविदा आरोग्य कर्मचारी कामाबाहेर आले, त्याआधी काळ्या फिती लावून आणि निवेदने देऊन झाली होती. मागणी काही आकाशातून पडलेली नव्हती. संविदा कर्मचाऱ्याला नियमित पदाच्या किमान वेतनाच्या 90 टक्के मिळेल, असे 5 जून 2018 च्या धोरणात सरकारनेच लिहून दिले होते. साडेचार वर्षांनी आम्ही तोच कागद हातात धरून धरण्याच्या मांडवात बसलो. सरकारी नोकराला संपाचा हक्क नाही हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात तसे स्पष्ट सांगितले, आणि आपल्या राज्यात अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा 1979 चा कायदा, एस्मा, आहेच. मात्र त्याच न्यायालयाने 26 ऑक्टोबर 2016 ला पंजाबच्या प्रकरणात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लागू केले. पहिला निकाल साहेबांना तोंडपाठ असतो. दुसऱ्याची झेरॉक्स दर वेळी आम्हालाच न्यावी लागते.

फोनवर जे सांगितले नाही ते आता सांगते. संपाच्या चौथ्या रात्री नियमित सिस्टरांचा फोन आला की अकराशे ग्रॅमच्या बाळाची शीर सापडत नाही आणि सोबतीला दिलेल्या मुली नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या आहेत. मी घरच्या सलवार-कमीजवर शाल गुंडाळून गेले, तिसऱ्या प्रयत्नात शिरेत कॅन्युला (सलाइनची बारीक नळी) लागला, आणि रजिस्टरवर सही न करता परत आले. सकाळी मांडवात मी होऊन हे सांगितले, तेव्हा दोघींनी दिवसभर माझ्याशी बोलणे टाकले. त्यांचा रागही मला खोटा वाटला नाही, कारण अशा चोरून मारलेल्या फेऱ्यांवरच वर्षानुवर्षे सगळे निभावून नेले जाते. मी गेले नसते तर काय झाले असते, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. तुमचा प्रश्न मला टोचला तो याच जागी, बाबा.

गेल्या महिन्यात, 4 जुलैला, मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भोपाळला जाहीर केले की कराराचे दरवर्षीचे नूतनीकरण बंद होईल, वेतन 100 टक्के मिळेल आणि नियमित भरतीत निम्मी पदे संविदावाल्यांसाठी राखली जातील. आई, तू शेजारी पेढे वाटलेस असे दादा म्हणाला. जरा थांबायचे होतेस. निवडणूक तोंडावर आहे, आणि माझ्या नावाचा कागद अजून माझ्या हातात आलेला नाही. शिवाय पगार 90 टक्के झाला काय आणि 100 टक्के झाला काय, रात्रीच्या नर्सेस दोनच आहेत, आणि मांडवातल्या मागण्यांच्या फलकावर हा मुद्दा सर्वांत खाली लिहिला होता. तो वर घ्यायला हवा होता, असे मी तेव्हाच बोलले होते.

बाबांच्या मोतीबिंदूसाठी पुण्याला यायचे माझ्या मनात आहे. परिचर्या परिषदेच्या (नर्सिंग कौन्सिलच्या) निकषात रजेसाठी 30 टक्के जादा नर्सेस धरलेल्या असतात. आमच्याकडे एकीने रजा घेतली की दुसरीला लागोपाठ नाइट पडते. ज्या मैत्रिणीने माझ्याऐवजी उभे राहायचे, तिच्या मुलाच्या चाचणी परीक्षा मी यायचे त्याच आठवड्यात आहेत. ड्यूट्यांचे रोस्टर 20 तारखेला लागेल, त्याच संध्याकाळी फोन करते. दादाला तिकीट तोवर काढू नको म्हणावे.

तुमची,
मंजू