पुढच्या ब्रेकची भीती घालू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नव्याने मोटरसायकल घेणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मायलेज, सीटची उंची, हेल्मेट, हातमोजे, सगळं आलं. गाडी थांबवायची कशी, यावर मात्र एक ओळही नाही. मी दुचाकी दुरुस्तीचं काम करतो, म्हणून माझी नजर आधी तेच शोधत होती.

शिकाऊ पोरांच्या गाड्या सर्व्हिसिंगला आल्या आणि चाकं खोलली की बहुतेक वेळा एकच प्रकार दिसतो. मागच्या ब्रेकचे लायनर घासून पार धातूला टेकलेले, ड्रमला आतून चरे पडलेले. पुढच्या डिस्कचे पॅड मात्र जवळजवळ कोरे! विचारलं की उत्तर ठरलेलं: "पुढचा ब्रेक मारला की माणूस तोंडावर पडतो, असं काकांनी सांगितलंय." काका कधी मोठा भाऊ असतो, कधी मित्र. सल्ला तोच.

हा सल्ला घातक आहे. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे सरकतं. पुढचे शॉकअप दबतात, पुढचा टायर रस्त्यावर रेटला जातो आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला पकड कुठून येणार? नुसता पायाचा, म्हणजे मागचा ब्रेक जोरात दाबला की ते लॉक होतं, म्हणजे फिरायचंच थांबतं, घसरत जातं, मागची बाजू आडवी फिरू लागते, आणि एवढं होऊनही गाडी लवकर थांबत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर जोरात थांबायचं असेल तर बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो.

अमेरिकेत संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१ च्या त्यांच्या अहवालात हेच दिसतं: बहुतेक चालकांनी मागचं चाक लॉक केलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा दाबलाच नाही. हाताशी वेळ होता दोन सेकंदांहूनही कमी. आणि त्यांतले ९२ टक्के चालक एक तर स्वतःच शिकलेले, नाहीतर घरच्यांकडून किंवा मित्रांकडून. म्हणजे काका तिकडेही होतेच.

भीती अगदीच निराधार नाही, हेही खरं. पुढच्या ब्रेकने लोक पडतात, पण कधी? हँडल वळलेलं असताना, गाडी कललेली असताना, वाळू-खडीवर किंवा सांडलेल्या ऑइलवर, घाबरून हँडलवरचा पुढच्या ब्रेकचा लिव्हर एकदम आवळला तर. दोष ब्रेकचा नसतो, झटका देण्याचा असतो. लिव्हर पिळत न्यायचा. आधी हलकेच दाबून शॉकअप बसू द्यायचे, मग जोर वाढवायचा, जोडीला मागचा ब्रेक बेताने. पुढचं चाक घसरतंय असं वाटलं तर लिव्हर लगेच सोडायचा आणि पुन्हा हळूच दाबायचा. नजर समोर दूर ठेवायची. चाकाकडे बघत थांबणारा हटकून तोल घालवतो.

हे वाचून येत नाही. मोकळ्या, कोरड्या मैदानात हेल्मेट घालून (पट्टा लावून, नुसतं डोक्यावर ठेवून नव्हे) २०-२५ च्या वेगाने सरळ जाऊन थांबायचं. जमलं की ३०, मग ४०. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, हे एकदा स्वतः पाहिलेला पोरगा पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटला चिकटून चालवत नाही. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. ब्रेककडे हात जाईपर्यंतच एवढं अंतर संपू शकतं.

"आमच्या गाडीला एबीएस आहे" म्हणणाऱ्यांनी ते (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सिंगल चॅनेल, म्हणजे एकाच चाकापुरतं, आहे का ते बघावं. त्यात एबीएस सहसा पुढच्याच चाकाला असतं, मागचं चाक लॉक होऊ शकतंच. गाडी बनवणाऱ्यांनी एकच चाक निवडायची वेळ आली तेव्हा पुढचं का निवडलं, यावर काकांनीही जरा विचार करावा.

आणखी एक बारीक गोष्ट. बोटं लहान असली तर लिव्हर लांब पडतो आणि ऐनवेळी हात पोचत नाही. काही गाड्यांना लिव्हर जवळ आणायची चकती असते. नसेल तर निदान लिव्हरचा कोन मेकॅनिककडून बसवून घ्यावा: मनगट सरळ राहून दोन बोटं सहज टेकली पाहिजेत. पाच मिनिटांचं काम आहे. नवी गाडी ताब्यात घेताना रंगावरचा ओरखडा शोधण्यात अर्धा तास जातो, तेवढ्यात हे आरामात होतं.

पुरवणीचा पुढचा भाग निघणार असेल तर त्यात ब्रेकला अर्धं पान द्यावं, ही विनंती.

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक