सर्व्हेत हो म्हणणं सोपं असतं

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गोऱ्या-काळ्यांचं लग्न हा गुन्हा होता हे आजच्या पोरांना खरंच वाटत नाही. व्हर्जिनिया राज्यात १९५८ साली गोरा रिचर्ड आणि त्याची काळी बायको मिल्ड्रेड या लव्हिंग जोडप्याला पोलिसांनी रात्री बेडरूममध्ये घुसून पकडलं, भिंतीवरचं मॅरेज सर्टिफिकेट दाखवलं तरी ऐकलं नाही, आणि कोर्टाने सांगितलं जेल नको असेल तर २५ वर्षं दोघं मिळून या राज्यात येऊ नका! १९६७ ला सुप्रीम कोर्टाने असले कायदे रद्द केले. गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या सर्व्हेत १९५८ ला अशी लग्नं ४ टक्के लोकांना मान्य होती, २०२१ ला ९४. पण आपल्याच मुलीने तसा जोडीदार आणला तर किती आईबाप मनापासून स्वागत करतात हे जास्त महत्त्वाचं. अलाबामा राज्यात २००० साली तिथल्या राज्यघटनेत नुसती कागदावर उरलेली ही बंदी काढायला मतदान झालं तेव्हा जवळपास ४० टक्के मतं विरोधात पडली, म्हणजे अगदी कालपरवाची गोष्ट आहे ही.

– एक वाचक