सुन्या, ती रोजची गोळी

पुणे, रविवार दुपार

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की सकाळी नाश्त्याबरोबर दुखण्याची एक गोळी टाकली की गुडघा दिवसभर गप्प बसतो. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. मागे वहिनींचा आवाज येत होता म्हणून मी नुसतं हं हं केलं, पण मला बरंच बोलायचं होतं. लिहितोच आता, लांबलं तर लांबू दे.

माझं गेल्या वर्षीचं तुला पूर्ण माहीत नाही. उजवा गुडघा आणि डाव्या टाचेमागची शीर, दोन्ही एकदमच धरलेलं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत अशी कळ यायची की भिंत धरावी लागायची, आणि रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढून उतरलो की संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची पट्टी आणली, चिठ्ठी कोणी मागितली नाही, आणि खरंच सांगतो अर्ध्या-पाऊण तासात माणूस नवा व्हायचा. मग रोजच. चार महिने. दुखत नाही म्हणून गड सोडला नाही, उलट मधल्या वारी पर्वतीच्या पायऱ्या पण सुरू केल्या.

वार्षिक तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, १.६ आलं. त्याआधी कायम १ च्या आसपास असायचं. डॉक्टरांनी विचारलं बीपीच्या गोळीशिवाय काय घेता, मी म्हटलं काही नाही. खोटं बोलत नव्हतो रे, पेनकिलर हे औषध आहे असं डोक्यातच नव्हतं! घरी येऊन पट्टी दिसली तेव्हा पोटात गोळा आला आणि परत फोन केला.

त्यांनी जे समजावलं ते तुला जसंच्या तसं सांगतो, कारण तुझीही बीपीची गोळी चालू आहे. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ असतात, सूज आणि ठणका त्यांच्यामुळे येतो, आणि ही गोळी ते बनणंच कमी करते. (हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.) पण तेच पदार्थ पोटाचं अस्तर जपतात आणि किडनीत रक्त आणणारी नळी उघडी ठेवतात. सोसायटीची टाकी डोळ्यासमोर आण. पेनकिलर येणारा नळ आवळते, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी जाणारा नळ सैल सोडते, आणि त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल तर टाकीत मुळात पाणीच कमी. तिन्ही एकत्र आली की किडनीला दाब मिळत नाही. तुझ्या बीपीच्या गोळीच्या नावापुढे एच आहे का बघ, असेल तर बहुतेक ते तिसरं औषध तुझ्यात आहेच. आणि हे वाचून बीपीची गोळी बंद करू नकोस बाबा! ती चालूच ठेवायची.

आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या बैलावर गिधाडं उतरायची, आठवतं? ती गेली ती डायक्लोफेनॅकने, आपल्या गोळीच्याच घराण्यातल्या पेनकिलरने. ते औषध दिलेली जनावरं खाऊन त्यांच्या किडन्या बंद पडल्या, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं शरीर गिधाडाचं नाही, एवढ्याशा डोसने आपल्याला तसं होत नाही, हे मला कळतं. तरी ते वाचल्यापासून पट्टी हातात घेतली की आठवतंच.

तू म्हणशील पोटाला हलकी असते ती घेतो, एटोरीकॉक्सिब वगैरे. पोटाला कमी त्रास हे खरं, पण त्याच जातीतलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हार्ट अटॅक-स्ट्रोकच्या धोक्यामुळे जगभरातून मागे घ्यावं लागलं. तुझ्या वडिलांना हार्टचा त्रास होता, तेव्हा ते स्वतःच्या मनाने नको.

मला सगळ्यात उशिरा कळलं ते टाचेचं. ऑर्थोपेडिक म्हणाले की जुनाट दुखणाऱ्या टेंडनमध्ये, म्हणजे टाचेमागच्या त्या शिरेत, सूज हा मुख्य भाग नसतोच, आतले धागे विस्कटलेले असतात, आणि गोळीने ते सरळ होत नाहीत, फक्त कळ कळत नाही आणि आपण अजून ताणत बसतो. माझं नेमकं तेच झालं होतं. तिथे कामाला आला जिना. आल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम: पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, तेवढेच वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पहिले तीन आठवडे उलट जास्तच दुखलं, सोडून देणार होतो, फिजिओ ताईंनी सोडू दिलं नाही. दहाव्या आठवड्यात एक दिवस सकाळी स्वयंपाकघरापर्यंत चालत गेलो आणि मग लक्षात आलं की भिंत धरलीच नाही.

गुडघ्यासाठी मांडीचा व्यायाम, चार किलो वजन कमी, आणि डायक्लोफेनॅकचं जेल. जेलमधून रक्तात जातं ते गोळीच्या मानाने साधारण ६ टक्के, पण किडनीचं असल्याने तेही डॉक्टरांना विचारूनच लावतो.

मी गोळीच्या विरोधात नाही रे. माझ्या मावशीला संधिवात आहे, आमवात म्हणतात तो, तिच्या सांध्यात सूज खरीच असते आणि मूळ औषधाबरोबर तिला ही गोळी लागते, नाहीतर पेला उचलता येत नाही. मी स्वतः पुतणीच्या लग्नात विचारून पाच दिवस घेतली, जेवणानंतर, आणि थांबवली. क्रिएटिनिन आता १.१ वर आलंय.

तू एवढं कर. पट्टीच्या मागचा, घटक लिहिलेल्या बाजूचा, फोटो आजच पाठव आणि बीपीच्या गोळीचा पण. उद्या क्रिएटिनिन करून घे, बीपी मोज, कारण या गोळ्यांनी तेही वाढतं. शी काळी डांबरासारखी होत असेल तर पोटात रक्त जात असू शकतं, उद्याची वाट बघू नकोस, लगेच डॉक्टरकडे जा. रिपोर्ट आला की मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझा,
अव्या